ऊसतोड बायकांचा प्रश्न सिडॉ समितीपुढे न्यायचा असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांमध्ये काम करणारी एक छोटी संघटना आहे. गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया, नवऱ्याच्या नावावरची उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) आणि फडावरचे, म्हणजे तोडीच्या जागेवरचे हाल हा सगळा विषय तिला संयुक्त राष्ट्रांच्या महिला हक्क समितीपुढे, म्हणजे सिडॉ समितीपुढे मांडायचा आहे. त्यासाठी काय करावं लागतं, किती लिहायचं आणि त्याने इथे काही हलतं का?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचं उत्तर पटलं नाही तर पुढची मेहनत कुणी करणार नाही. समितीकडे पोलीस नाहीत, दंड नाही, कुणाचा निधी अडवायचा अधिकार नाही. भारत सरकारच्या प्रतिनिधींना समोर बसवायचं, प्रश्न विचारायचा आणि उत्तर नोंदीवर घ्यायचं, एवढंच ती करू शकते. तुमच्या अहवालाचं काम तो प्रश्न इतका नेमका करून देणं हे आहे की गोलमाल उत्तर देणाऱ्याची पंचाईत व्हावी. आणि ते उत्तर, किंवा समितीने त्यावर केलेली शिफारस, घेऊन परत मुंबईत, पुण्यात आणि बीडच्या कलेक्टर कचेरीत यायचं. खरा उपयोग इथे परतल्यावरच होतो. समिती बसते त्या जिनिव्हाला जाऊन आलो, फोटो काढले आणि विषय संपला, असं वागणाऱ्या संस्थांमुळेच ‘या समित्यांचा काही उपयोग नाही’ असं म्हणायची पद्धत पडली आहे.

उपयोग कसा होतो याचं आपल्याकडचं सर्वात मोठं उदाहरण विशाखा निकालाचं. राजस्थानात भटेरी गावात बालविवाह थांबवायला गेलेल्या भंवरी देवी या ‘साथिन’वर, म्हणजे सरकारी योजनेतल्या गावपातळीवरच्या कार्यकर्तीवर, १९९२ मध्ये सामूहिक बलात्कार झाला. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध तेव्हा देशात कायदाच नव्हता. १३ ऑगस्ट १९९७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सिडॉ कराराचं, म्हणजे स्त्रियांशी होणारा सर्व प्रकारचा भेदभाव संपवण्याच्या कराराचं, कलम ११ आणि समितीची १९ क्रमांकाची सर्वसाधारण शिफारस (कराराचा अर्थ उलगडणारी, सगळ्या देशांसाठीची) यांचा आधार घेतला, संविधानाच्या १४, १५, १९ आणि २१ या कलमांचा अर्थ त्यांच्या उजेडात लावला आणि संसद कायदा करेपर्यंत पाळायची मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. प्रत्यक्ष कायदा यायला २०१३ उजाडलं. म्हणजे जिनिव्हाच्या कागदाने कुणालाही थेट न्याय दिला नाही. पण देशात कायद्याची पोकळी होती तिथे न्यायालयाच्या हाताशी एक तयार मजकूर होता, आणि भारताने त्यावर सही केलेली होती.

कराराची भारतातली स्थिती

करार संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १८ डिसेंबर १९७९ ला स्वीकारला आणि तो ३ सप्टेंबर १९८१ पासून लागू झाला. भारताने ३० जुलै १९८० ला सही केली, अनुसमर्थन, म्हणजे करार बंधनकारक मानल्याची औपचारिक मान्यता, केलं ९ जुलै १९९३ ला. इथे एक छोटी गंमत आहे. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याच्या प्रास्ताविकेत अनुसमर्थनाची तारीख २५ जून १९९३ अशी छापलेली आहे. संयुक्त राष्ट्रांकडे पाठवायच्या कागदावर ९ जुलैच लिहा. तिथल्या नोंदवहीत तीच आहे.

भारताने करार मान्य करताना दोन जाहीरनामे आणि एक हरकत जोडली आहे. कलम ५(अ) आणि १६(१) बद्दल सरकार म्हणतं की कोणत्याही समाजाच्या खासगी बाबींत त्या समाजाच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय आम्ही हात घालणार नाही. कलम १६(२) बद्दल म्हणतं की एवढ्या मोठ्या देशात विवाहनोंदणी सक्तीची करणं व्यवहार्य नाही. (गोव्यात ती पोर्तुगीज काळापासून सक्तीची आहे आणि महाराष्ट्राचा स्वतःचा विवाहनोंदणी कायदा आहे, हे दिल्लीला अधूनमधून आठवून द्यायला हरकत नाही.) हरकत आहे ती कलम २९(१) वर. ती दोन देशांतल्या वादाबद्दलची, आपल्या कामाची नाही.

तुमच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाची गोष्ट वेगळीच. या कराराचा १९९९ चा ऐच्छिक प्रोटोकॉल, म्हणजे एकट्या बाईला थेट समितीकडे तक्रार करू देणारा जोडकरार, भारताने स्वीकारलेला नाही. त्यामुळे अमुक गावच्या अमुक बाईची फिर्याद म्हणून तुम्ही काही पाठवलं तर ते दाखलच होणार नाही. उरतो तो मार्ग म्हणजे देशाच्या नियतकालिक तपासणीच्या वेळी संघटनेने पर्यायी अहवाल द्यायचा. त्यात सगळ्या बायकांच्या परिस्थितीचं चित्र असतं, एका प्रकरणाचा निवाडा मागायचा नसतो.

हा विषय काढला की कुणीतरी म्हणतंच, आपल्या घरचं गाऱ्हाणं परक्यांपुढे कशाला? मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात १९४८ साली ‘सर्व पुरुष’ जाऊन ‘सर्व माणसं’ असे शब्द आले ते भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांच्या आग्रहामुळे. मुंबईच्या राजकारणातल्या आणि एसएनडीटी विद्यापीठाच्या कुलगुरूपदी राहिलेल्या बाईंनी घातलेला पाया आहे हा, परका कसा? दुटप्पीपणाची टीका मात्र खरी आहे आणि ती केली पाहिजे. जगाला हक्कांचे धडे देणाऱ्या अमेरिकेने १९८० मध्ये या करारावर सही केली आणि आजतागायत अनुसमर्थन केलेलं नाही. पण तो दुटप्पीपणा आपल्या सरकारने स्वतः दिलेला शब्द मोडायचं निमित्त होऊ शकत नाही.

पुरावा: इथेच बहुतेक अहवाल पडतात

बीडच्या प्रश्नावर बातम्या भरपूर आल्या. २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्यापुढे आलेल्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे साधारण सहात एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातलं देशाचं प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवायचा मोह आवरत नाही, पण सावध राहा. दोन्ही पाहण्यांचे वयोगट आणि पद्धत एकच आहे असं धरून चालू नका. सरकारी प्रतिनिधी पहिला घाव तिथेच घालतात. ‘राज्य सरकारच्याच समितीपुढे आलेला आकडा हा आहे, देशाची पाहणी हे सांगते, आणि वयानुसार तुलना करता येईल अशी पाहणी सरकारने केलेली नाही’ असं लिहिलंत तर तोच कच्चा दुवा सरकारवर उलटतो. तुलनायोग्य आकडे गोळा करणं हे करारानुसार सरकारचंच काम आहे.

स्वतःची पाहणी करणार असाल तर ती लहान पण चोख करा. पाचशे बायकांची अर्धवट माहिती घेण्यापेक्षा सव्वाशे जणींची पूर्ण घ्या. प्रत्येकीकडून कळलं पाहिजे: आजचं वय आणि शस्त्रक्रियेच्या वेळचं वय, लग्नाचं वय आणि बाळंतपणं, किती हंगाम ऊस तोडला, तक्रार काय होती (अंगावरून पांढरं जाणं, जास्त रक्तस्राव, ओटीपोटात दुखणं, की काहीच नाही), आधी औषधाने उपचार झाले का, किती दिवस, सोनोग्राफी झाली का, शस्त्रक्रियेचा सल्ला पहिल्यांदा कुणी दिला, दवाखाना सरकारी की खासगी, अंडाशय काढले की ठेवले, खर्च किती आला आणि तो कुठून आला. शेवटचा मुद्दा कुणी विचारत नाही, पण तोच तुमचा कणा आहे. खर्च उचलीतून झाला असेल तर शस्त्रक्रियेचं कर्ज फेडायला बाई पुढच्या हंगामात पुन्हा त्याच मुकादमाच्या, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या, टोळीत जाते. मग हा विषय आरोग्यापुरता राहत नाही. तो कर्जाच्या बांधिलकीचा होतो, आणि त्याच्यासाठी दुसरे दरवाजे उघडतात. ते पुढे सांगतो.

किती जणींना विचारलं, कोणत्या गावांत, त्या कशा निवडल्या, हे दोन ओळींत लिहाच. ‘आम्ही भेटलो त्या बहुतेक बायकांनी’ असल्या वाक्याला समितीत शून्य किंमत आहे. फक्त शस्त्रक्रिया झालेल्यांनाच शोधून भेटलात तर त्यावरून प्रमाण काढता येत नाही, कारण आणि परिस्थिती सांगता येते. तसं स्पष्ट म्हणा.

कागद जमवा: डिस्चार्ज कार्ड, सोनोग्राफीचा अहवाल, काढलेल्या गर्भाशयाच्या तपासणीचा म्हणजे बायोप्सीचा अहवाल, बिल आणि संमतीपत्र. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात, आणि डॉक्टरला त्या उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ठेवाव्या लागतात. म्हणून जुन्या केसेसच्या मागे धावण्यात वेळ घालवू नका, गेल्या ३ वर्षांतल्या आधी पकडा. अर्ज बाईच्या सहीचा किंवा अंगठ्याचा हवा, संघटनेच्या लेटरहेडवर नको.

संमतीपत्र बारकाईने वाचा. ते कोणत्या भाषेत आहे, रिकाम्या जागा कुणी भरल्या, सही कोणत्या वेळेची, नवऱ्याचीच सही आहे का? इथे दोन निर्णय कामाचे आहेत. समिरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं की तपासणीसाठी दिलेली संमती गर्भाशय काढायला पुरत नाही, आणि संमती म्हणजे धोके व पर्याय समजून दिलेली संमती. दुसरा निर्णय सिडॉ समितीचाच, ए. एस. विरुद्ध हंगेरी, २००६ मधला. एका रोमा स्त्रीची सिझेरियनच्या वेळी नसबंदी केली होती. तिची सही होती, पण जेमतेम वाचता येईल अशा हाती लिहिलेल्या ओळीखाली, आणि दवाखान्यात पोचल्यापासून सगळं १७ मिनिटांत उरकलेलं. एवढ्या वेळात तिला नीट समजावून सांगितलं असेल हे समितीला पटलं नाही. म्हणून वेळा टिपा. दाखल किती वाजता, शस्त्रक्रिया किती वाजता.

आणि कृपा करून ‘जबरदस्तीने गर्भाशय काढलं’ असं सरसकट लिहू नका. फार थोड्या ठिकाणी हात धरून जबरदस्ती झाली असेल. बहुतेक बायका ‘पिशवी काढून टाका’ म्हणत स्वतः गेल्या आहेत, हे डॉक्टरांचे वकील लगेच दाखवतील. त्या का गेल्या हे लिहा. कॅन्सर होईल अशी भीती घातली गेली. पाळीत एक दिवस बसलं तर खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. फडात आडोसा नाही, पाणी नाही, कोपीत राहून कपडा धुवायची सोय नाही. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो म्हणून पोरींची लग्नं लवकर लागतात, बाळंतपणं लवकर होतात आणि पंचविशीत ओटीपोटाची दुखणी सुरू होतात. ही साखळी मांडली की ‘माहितीपूर्ण संमती नव्हती’ हे शब्द पुरेसे धारदार होतात आणि कुणी खोडू शकत नाही.

माहिती अधिकाराचा वापर करा, पण महाराष्ट्राचे नियम लक्षात ठेवून: एका अर्जात एकच विषय, जास्तीत जास्त १५० शब्द, १० रुपये शुल्क. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. तीन अर्ज पुरतात. जिल्हा शल्यचिकित्सकांकडे एक: २०१९ नंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यात गर्भाशय काढण्याआधी त्यांची परवानगी लागू झाली, तर वर्षवार किती अर्ज आले, किती नाकारले, वयोगट काय. दुसरा जिल्हाधिकारी कार्यालयाकडे: लैंगिक छळ कायद्याखालची स्थानिक समिती कधी नेमली, टोळीतल्या बायकांच्या किती तक्रारी आल्या. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणांसाठी आणि मालकाविरुद्धच्या तक्रारींसाठी हीच समिती असते, त्यामुळे मुकादमाचं प्रकरण तिच्याकडेच जायला हवं. आकडा शून्य आला तर तोही पुरावाच आहे. तिसरा साखर आयुक्तालयाकडे, ऊसतोड बायकांची स्वतंत्र नोंद आणि ओळखपत्रं किती याचा.

बायकांची नावं अहवालात घालायची नाहीत. क्रमांक द्या, नाव-क्रमांकाची यादी वेगळ्या ठिकाणी ठेवा. गाव लहान असेल तर तालुकाच लिहा, कारण ‘वय २६, तीन मुली, अमुक गाव’ एवढ्यावर मुकादम बाई ओळखतो. पर्यायी अहवाल समितीच्या संकेतस्थळावर सगळ्यांना दिसतात. गोपनीय ठेवायचा असेल तर पाठवतानाच तसं स्पष्ट कळवावं लागतं, नंतर हाकाटी करून फायदा नाही.

लिहायचं कसं

शब्दमर्यादा कडक आहे: एकट्या संघटनेला ३,३०० शब्द, अनेक संघटनांच्या एकत्रित अहवालाला ६,६००. भाषा इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिश, त्यामुळे अनुवादाची सोय आधीच करा. तुमच्यासारख्या एकाच विषयावरच्या संघटनेने मोठ्या एकत्रित अहवालात आपला परिच्छेद द्यावा आणि शिवाय स्वतःचा छोटा अहवालही पाठवावा. मोठ्या अहवालात ऊसतोड बायकांना चार ओळी मिळतील. त्या चार ओळींना तुमच्या अहवालाचा हवाला जोडून घ्या.

एकत्र येताना पैशाचं भान ठेवा. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी कायद्याखाली आलेला पैसा एका संस्थेने दुसरीला देता येत नाही. छपाई, प्रवास, अनुवाद यांचा खर्च ज्याने त्याने आपल्या खात्यातून करायचा हे पहिल्या बैठकीतच ठरवा, नाहीतर आघाडी बिलांवरूनच मोडते.

प्रत्येक मुद्द्याची बांधणी एकच ठेवा: कराराचं कलम, वस्तुस्थिती, सरकारने काय केलं आणि ते कुठे अडलं, समितीने विचारायचा प्रश्न, मागायची शिफारस. कलमं निवडताना सगळा करार अंगावर घेऊ नका. तुमच्या विषयाला नेमकी बसणारी ही:

कलम १२ आरोग्यसेवेचं, त्याच्या जोडीला १९९९ ची २४ वी सर्वसाधारण शिफारस. तिच्यात माहितीपूर्ण संमती आहे. कलम ११(१)(फ) कामाच्या ठिकाणी आरोग्य आणि सुरक्षितता, त्यात प्रजननक्षमतेचं संरक्षण शब्दशः आहे. हे कलम विसरलं जातं, आणि तुमच्यासाठी ते सगळ्यात मोलाचं आहे, कारण ते दवाखाना आणि फड यांना एका धाग्यात ओवतं. कलम ११(१)(ड) समान मोबदला, कारण हिशोब कोयत्याचा, म्हणजे जोडप्याचा होतो आणि बाईची मजुरी वेगळी दिसतच नाही. कलम १५(२) करार करण्याची समान क्षमता, उचलीचा कागद नवऱ्याच्या नावावर होतो म्हणून. कलम १४ ग्रामीण स्त्रियांचं, त्यातलं १४(२)(ह) राहण्याची जागा, स्वच्छता आणि पाणी यांबद्दल बोलतं, आणि त्याच्या मागे २०१६ ची ३४ वी शिफारस. कलम १६(२) बालविवाहाचं. आणि कलम २(इ).

या शेवटच्यावर थोडं थांबतो. सरकारचं नेहमीचं उत्तर असतं की दवाखाने खासगी, मुकादम खासगी, कारखाने सहकारी किंवा खासगी, आम्ही काय करणार? कलम २(इ) म्हणतं की कोणतीही व्यक्ती, संघटना किंवा उद्योग स्त्रियांशी भेदभाव करत असेल तर तो थांबवायची उपाययोजना सरकारनेच करायची. दुसरं ठरलेलं उत्तर म्हणजे आरोग्य हा राज्याचा विषय आहे. २०१० च्या २८ व्या शिफारशीत समितीने सांगून ठेवलंय की संघराज्य असलं तरी देशाची जबाबदारी संपत नाही. ही दोन्ही उत्तरं येणार हे धरून अहवालातच त्यांना आधी गाठा.

एका परिच्छेदाचा नमुना, मोकळ्या जागा तुमच्या आकड्यांनी भरा:

‘कलम ११(१)(फ) आणि १२. __ तालुक्यांतल्या __ गावांत __ ऊसतोड महिलांच्या पाहणीत __ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं, शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांपैकी __ जणी ३५ वर्षांखालच्या होत्या. __ जणींवर आधी औषधोपचार झाला नव्हता. __ जणींनी खर्चासाठी मुकादमाकडून उचल घेतली. सर्वोच्च न्यायालयाने डॉ. नरेंद्र गुप्ता प्रकरणात ५ एप्रिल २०२३ रोजी अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांबाबत केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला राज्यांना सांगितलं. प्रश्न: महाराष्ट्रात जिल्हा पातळीवर देखरेख समित्या कधी नेमल्या आणि त्यांनी किती शस्त्रक्रिया तपासल्या? शिफारस: ४० वर्षांखालच्या स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची वयवार, कारणवार आणि दवाखानावार माहिती दरवर्षी जाहीर करावी.’

शिफारस मोजता येईल अशी हवी. ‘स्त्रियांच्या आरोग्याकडे लक्ष द्यावं’ असं मागाल तर ‘लक्ष देत आहोत’ हेच उत्तर मिळेल. दोन-तीन शिफारशी पुरेत. बारा मागितल्या तर समिती तिला सोप्या वाटतील त्या उचलते, तुम्हाला हव्या त्या नाही.

अहवालाचा सूर कोरडा ठेवा. संताप सगळ्यांनाच आहे, पण एकेका सत्रात समितीपुढे अनेक देश असतात आणि २३ सदस्यांना तुमचा अहवाल शेकडो पानांच्या ढिगात वाचायचा असतो. पहिल्या पानावर सारांश आणि तीन प्रश्न. बस्स.

वेळापत्रक आणि जिनिव्हा

समितीची सत्रं जिनिव्हात भरतात, साधारण वर्षाला तीन. कलम १८ नुसार देशाने दर चार वर्षांनी अहवाल द्यायचा असतो, प्रत्यक्षात तो लांबतो. भारताची तपासणी २००० मध्ये, मग २००७ मध्ये, मग २०१४ मध्ये झाली. मधे २०१० मध्ये गुजरातच्या दंगलींवर मागवलेल्या खास अहवालाची चर्चा झाली, तीही २००७ मध्ये महिला संघटनांनी विषय लावून धरल्यामुळे. अलीकडे संयुक्त राष्ट्रांकडच्या पैशांच्या टंचाईने वेळापत्रक आणखी डळमळलं आहे, म्हणून समितीच्या पानावर भारताची तारीख दर दोन-तीन महिन्यांनी बघत राहा.

संधी दोनदा मिळते. आधी प्रश्नावली ठरवली जाते, तेव्हा पूर्वगट, म्हणजे समितीतल्या काही सदस्यांचा सत्राआधीचा गट, बसतो. बहुतेक संघटना ही पायरी सोडतात आणि इथेच हरतात, कारण प्रश्नावलीत आलेल्या मुद्द्याला सरकारला लेखी उत्तर द्यावंच लागतं. या वेळी पूर्ण अहवाल नको, चार-पाच पानं आणि सुचवलेले प्रश्न पुरतात. दुसरी संधी मुख्य सत्राआधी. मुदत त्या-त्या सत्राच्या माहितीपत्रकात दिलेली असते आणि साधारण तीन आठवडे आधी संपते. उशिरा आलेलं कुणी वाचत नाही.

सरकारशी संवाद एका दिवसात उरकतो, तीन-तीन तासांच्या दोन बैठकींत. संघटनांना सत्राच्या सुरुवातीच्या जाहीर बैठकीत काही मिनिटं मिळतात, ती देशातल्या सगळ्या संघटनांत वाटून घ्यायची असतात. म्हणून कोण काय बोलणार हे विमानात बसण्याआधी ठरवा. खरं काम दुपारच्या खासगी चर्चेत होतं, जिथे सदस्य उलट प्रश्न विचारतात. क्वालालंपूरची आयवॉ एशिया पॅसिफिक ही संस्था पहिल्यांदा जाणाऱ्यांना या सगळ्याची तयारी करून देते. जायला पैसे नसतील तर जाऊ नका. संवाद संयुक्त राष्ट्रांच्या वेब वाहिनीवर दिसतो, आणि चांगला लेखी अहवाल एकटाही काम करतो.

सिडॉची वाट बघत बसू नका

भारताची पुढची फेरी कधी येईल यावर तुमचा ताबा नाही. दरम्यान तीन दरवाजे उघडे असतात.

पहिला, संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक, म्हणजे एकेका विषयावर नेमलेले स्वतंत्र तज्ज्ञ. स्त्रियांवरील हिंसाचार, आरोग्याचा हक्क, गुलामगिरीची आजची रूपं असे वेगवेगळे आहेत. त्यांच्याकडे जायला देशाने कोणता करार मान्य केला आहे हे बघावं लागत नाही, आणि इथली न्यायालयं संपवायची अटही नाही. संकेतस्थळावरचा अर्ज भरायचा, संबंधित बाईची संमती जोडायची. ते सरकारला पत्र लिहितात आणि ६० दिवसांनी ते पत्र, उत्तर आलं असो वा नसो, जाहीर होतं. स्त्रियांवरील हिंसाचाराच्या तेव्हाच्या प्रतिवेदक रशिदा मांजू २०१३ मध्ये भारत दौऱ्यावर येऊन गेल्या होत्या.

दुसरा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा, आणि माझ्या मते ऊसतोडीसाठी सगळ्यात कमी वापरलेला. भारताने सक्तीच्या श्रमाविरुद्धचा २९ क्रमांकाचा करार १९५४ मध्ये, समान मोबदल्याचा १०० क्रमांकाचा १९५८ मध्ये आणि भेदभावाविरुद्धचा १११ क्रमांकाचा १९६० मध्ये मान्य केला आहे. या करारांच्या पालनावर कामगारांच्या युनियनला तिकडे थेट निरीक्षण पाठवता येतं. ते दरवर्षी १ सप्टेंबरपर्यंत पोचलं पाहिजे. अट एकच: पाठवणारी नोंदणीकृत कामगार संघटना हवी, स्वयंसेवी संस्था चालत नाही. तुम्ही ट्रस्ट असाल तर ऊसतोड कामगारांच्या युनियनला मसुदा करून द्या. उचल फिटेपर्यंत टोळी सोडता येत नाही, सोडली तर मारहाण होते, पोरं ओलीस ठेवली जातात, असे प्रकार तुमच्या नोंदीत असतील तर तो २९ क्रमांकाच्या कराराचाच विषय आहे, आणि देशात १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याचा.

तिसरा, मानवी हक्क परिषदेतला सार्वत्रिक आढावा, साडेचार वर्षांनी एकदा. भारताचा मागचा नोव्हेंबर २०२२ मध्ये झाला. तिथे २,८१५ शब्द, संयुक्त असेल तर ५,६३०. इथे तज्ज्ञ नसतात, देश देशाला प्रश्न विचारतात, त्यामुळे राजकारण जास्त आणि खोली कमी. तुमचा विषय उचलू शकेल असा दूतावास दिल्लीत गाठता आला तरच यात वेळ घाला.

परत आल्यावर

शिफारशी आल्या की आठवड्याभरात तुमच्या विषयाचे परिच्छेद मराठीत करा, दोन पानांत. त्या मुख्य सचिव, राज्य महिला आयोग, साखर आयुक्त, जिल्हाधिकारी आणि ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ यांना लेखी द्या, पोच घ्या. आमदारांकडून विधिमंडळात तारांकित प्रश्न लावून घ्या: समितीच्या अमुक शिफारशीवर शासनाने काय कार्यवाही केली? सरकारला ‘माहिती घेत आहोत’ म्हणावं लागलं तरी ते नोंदीवर येतं. जनहित याचिका करायची झाली तर शिफारस एकटी टिकत नाही. तिला संविधानाचं कलम २१ आणि देशातला कायदा जोडावा लागतो, जसं विशाखात झालं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे जाणार असाल तर घटनेपासून एक वर्षाची मुदत आहे, ती जिनिव्हाच्या तारखांच्या नादात चुकते.

समिती काही मोजक्या शिफारशींवर दोन वर्षांत प्रगती कळवायला सांगते. त्यात तुमची असेल तर सरकारच्या उत्तरासोबत तुमचंही छोटं टिपण पाठवा. नसेल तर पुढच्या फेरीत पहिलीच ओळ अशी येते: ‘मागच्या वेळच्या अमुक परिच्छेदावर काहीही झालेलं नाही.’ समित्यांना स्वतःच्या जुन्या शिफारशींचा पाठपुरावा आवडतो, तेवढं समजून वागा. २०१४ मध्ये वैवाहिक बलात्कार गुन्हा ठरवा असं समितीने भारताला सांगितलं होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही नवऱ्याची ती सूट कायम आहे. पुढच्या तपासणीत हा मुद्दा पुन्हा निघाल्याशिवाय राहणार नाही, आणि मोठ्या अहवालात तो वरच्या जागेवर असेल हे धरून आपल्या जागेची आखणी करा.

आता काम कुठून सुरू करायचं ते. टोळ्या साधारण दसरा-दिवाळीच्या सुमाराला निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, परततात. पाहणी मे ते सप्टेंबरमध्ये गावातच करा. फडावर मुकादमासमोर बाई खरं बोलत नाही, आणि संध्याकाळी मोळ्या वाहून दमलेल्या बाईला तीन पानी प्रश्नावली विचारणं हा वेगळा जुलूम आहे. माहिती अधिकाराचे अर्ज एप्रिलमध्येच टाका. पहिलं अपील झालं तरी उत्तरं पावसाळ्यात हातात येतात, आणि युनियनचं निरीक्षण १ सप्टेंबरच्या आत जातं. विचारणाऱ्या बायकाच असाव्यात, शक्यतो स्वतः कधी तरी तोडीला गेलेल्या. ‘खाडा’, ‘उचल’, ‘वाढं’ या गोष्टी त्यांना समजावून सांगाव्या लागत नाहीत, आणि दुसरीने वय चुकवून सांगितलं तर तेही त्यांना कळतं.